एडिसन, आजोबा आणि दोन सेल

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी एडिसनवर लिहितेय म्हटल्यावर रूममेट हसली, कारण बल्बचा शोध आपण सगळ्यांनी शाळेतच पाठ केलेला असतो. पण मला बल्बच्या नाही, सेलच्या एडिसनबद्दल लिहायचंय. आणि त्याला कारण आहेत खर्डीचे माझे आजोबा.

खर्डी म्हणजे कसारा लाइनवरचं, कसाऱ्याच्या थोडं अलीकडचं स्टेशन. आमचं घर तिथून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर. रात्रीच्या लोकलने गेले की आजोबा बॅटरी घेऊन न्यायला येतात. (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आत घालतात ते सेल.) गेल्या गणपतीत मी त्यांना दोन मोठे रिचार्जेबल सेल आणि चार्जर दिला. सेल हातात घेताच हे हलके लागतात असं ते म्हणाले. मी हसून त्यांना नवीन टेक्नॉलॉजीवर लेक्चर दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत रात्री उतरले. वाटेत ओढ्याजवळ बॅटरी विझली. आधी मंद होणं वगैरे काही नाही, थेट काळोख! आजोबांचा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. मोबाइलच्या उजेडात माझ्या खांद्यावर हात ठेवून ते घरी पोचले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

मग हॉस्टेलला आल्यावर सेलबद्दल वाचायला घेतलं, आणि भेटला एडिसन.

थॉमस अल्वा एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मिलान गावी. सात भावंडांत धाकटा. शाळा जेमतेम काही महिने, बाकी शिकवलं आईने. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरॉन ते डेट्रॉइट गाडीत पेपर आणि गोळ्या विकायला लागला. आपल्याकडे मे महिन्यात लोकलमध्ये करवंदं घेऊन चढणारी पोरं असतात ना, अगदी तसाच. फरक एवढाच, की हा पोरगा सामानाच्या डब्यात केमिस्ट्रीची लॅब थाटून बसला होता! लहानपणापासूनच त्याला ऐकू कमी यायचं. १८६२ मध्ये त्याने एका स्टेशनमास्तरच्या छोट्या मुलाला रुळावरून ओढून वाचवलं, आणि त्या बापाने उपकार म्हणून त्याला तारायंत्र शिकवलं. तारेला वीज लागायची ती बॅटरीची. म्हणजे बल्बच्या कितीतरी आधी बॅटरी त्याच्या आयुष्यात आली होती. लुइव्हिलला रात्रपाळीत बॅटरीशी खटपट करताना ॲसिड सांडलं, ते झिरपून खालच्या मजल्यावर साहेबाच्या टेबलावर गेलं आणि नोकरी गेली, असं सांगतात.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १८७७ ला फोनोग्राफ, १८७९ ला बल्ब, १८८२ ला न्यूयॉर्कचं वीजकेंद्र. एसी करंटला त्याने हट्टाने विरोध केला, तो मात्र चुकीचा ठरला.

पन्नाशी उलटल्यावर, १८९९ च्या सुमारास, तो पुन्हा बॅटरीकडे वळला. तेव्हा विजेवरच्या मोटारी धावत होत्या, पण त्यांची लेड-ॲसिड बॅटरी शिशाची, म्हणून भयंकर जड. एडिसनला कमी वजनात जास्त वीज साठवायची होती. त्याने निकेल, लोखंड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेतलं. (स्वीडनचा युंगनरही त्याच वाटेवर होता.) बॅटरी बाजारात आली, आणि ती गळायला लागली! कपॅसिटीही उतरू लागली. विक्री चालू होती, तरी १९०४ च्या सुमारास त्याने उत्पादन थांबवलं, खराब माल परत घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सुधारलेली बॅटरी यायला १९०९ उजाडलं. तोवर फोर्डची पेट्रोलवरची मॉडेल टी आली होती.

म्हणजे ज्या मोटारींसाठी एवढी वर्षं घालवली, त्याच हातच्या गेल्या. बॅटरी वजनात फारशी हलकी झाली नाही, आणि नुसती पडून राहिली तरी चार्ज उतरायचा. पण धक्के खाऊनही ती वर्षानुवर्षं टिकायची. म्हणून ती खाणकामगारांच्या टोपीवरच्या दिव्यात गेली, रेल्वेच्या सिग्नलला गेली. १८ ऑक्टोबर १९३१ ला एडिसन वारला, पण ती बॅटरी पुढे चाळीस वर्षं बनत राहिली.

आपल्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्येही निकेलची प्लेट आणि तेच पोटॅश असतं. म्हणजे घराणं तेच, आणि खोडही तीच. साधा रिचार्जेबल सेल पडून राहिला तरी महिन्याला वीस-तीस टक्के चार्ज गमावतो. (२००५ पासून चार्ज धरून ठेवणारे सेल मिळतात, पण ते बघून घ्यावे लागतात.) शिवाय त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत १.२ च्या आसपास राहतो आणि मग एकदम कोसळतो. अल्कलाइन सेल हळूहळू मंद होतो, म्हणजे आधी इशारा देतो.

मी दोन्ही सेल लॅबच्या काट्यावर ठेवले. मोठा अल्कलाइन सुमारे १४० ग्रॅम. माझा रिचार्जेबल ७० ग्रॅमसुद्धा भरला नाही! मोठ्या नळीत आत छोटाच सेल होता. बारीक अक्षरात २५०० एमएएच लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. जुन्या बल्बच्या टॉर्चमध्ये अल्कलाइन त्याच्या चौपट चालतो. खरा भरलेला मोठा रिचार्जेबल आठ-दहा हजारांचा असतो, आणि वजनाला अल्कलाइनपेक्षाही थोडा जास्तच.

आजोबांच्या हाताला हे गणपतीतच कळलं होतं. मी इंजिनिअर होणार म्हणून माझं ऐकलं त्यांनी.

संक्रांतीला मी एडिसनसारखा माझा माल परत घेतला. बॅटरीत अल्कलाइन घातले. रिचार्जेबल सेल आता आजोबांच्या रेडिओत आहेत. रेडिओ रोज लागतो, दर रविवारी चार्ज होतो आणि मधेच बंद पडला तरी कोणाचा पाय मुरगळत नाही. नवीन सेल दिल्यावर आजोबांनी ते तळहातावर तोलून पाहिले. या वेळी मी लेक्चर दिलं नाही, ते काय म्हणतात त्याची वाट पाहत उभी राहिले. त्यांनी मान हलवली, मगच झाकण लावलं.