न्या. बद्रुद्दीन तय्यबजी आणि इंग्रजी शब्दांचे वजन

इंग्रजी कोशातले अवघड शब्द वहीत उतरवून पाठ करण्याची हौस तुमच्यापैकी पुष्कळांना असते. पालकांनाही त्याचे कौतुक वाटते. परंतु शब्द पाठ झाला तरी तो कोठे वापरावा हे कळत नाही, आणि मग निबंधात तो परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून बसतो. म्हणून न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहे.

त्यांचा जन्म मुंबईत १० ऑक्टोबर १८४४ रोजी झाला. वडील तय्यबअली हे सुलेमानी बोहरा समाजातील व्यापारी. घरी गुजराथी, मदरशात अरबी-फारसी, आणि त्यानंतर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजी. आपल्या एरंडोलच्या मुलांचे तरी काय वेगळे आहे? घरात उर्दू, बाजारात मराठी, खेड्यावरच्या गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि या साऱ्यांनंतर इंग्रजी! अनेक भाषा येणे ही अडचण आहे असे ज्या पालकांना वाटते, त्यांनी या घराण्याकडे पाहावे.

इंग्रजी शिकले की मूल धर्माला मुकेल, असे समाजातील अनेकांना वाटत होते, त्या काळात तय्यबअलींनी मुलगे विलायतेस पाठविले. थोरले कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. १८६० साली बद्रुद्दीनही गेले. तेथे शिकत असता त्यांची दृष्टी अधू होऊ लागली आणि १८६४ मध्ये अभ्यास सोडून त्यांना परत यावे लागले. दुसरा कोणी वडिलांच्या पेढीवर बसला असता. हे पुढच्याच वर्षी पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. कोर्टात चुकीच्या जागी वापरलेला शब्द समोरचा वकील लगेच पकडतो आणि त्याची किंमत अशिलाला मोजावी लागते. शब्द शिकण्याची याहून कडक शाळा मला तरी ठाऊक नाही.

फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या जोडीने त्यांनी केलेले सार्वजनिक कार्य प्रसिद्धच आहे. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

आता १८९७ सालची हकीकत. 'केसरी'तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. जामिनाचा अर्ज आधी हायकोर्टातच नामंजूर झाला होता, आणि नामंजूर करणाऱ्यांत खुद्द न्यायमूर्ती रानडे होते. पुढे तोच अर्ज तय्यबजींपुढे आला. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, हा जामिनाचा मुख्य प्रश्न धरून त्यांनी जामीन दिला. सरकारची नाराजी होईल, की टिळकांचे अनुयायी खूष होतील, याचा त्यात संबंध नव्हता.

खटला मात्र न्या. स्ट्रेची यांच्यापुढे चालला, आणि तो बराचसा एका इंग्रजी शब्दावर फिरला. कायद्यातला तो शब्द 'डिसअफेक्शन'. 'अफेक्शन' म्हणजे प्रेम, 'डिस' म्हणजे अभाव. तेव्हा सरकारविषयी प्रेम नसणे म्हणजेच डिसअफेक्शन, असा अर्थ स्ट्रेचींनी जूरीला सांगितला. विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. शब्दाची फोड बरोबर, पण वापरातला अर्थ तेवढाच आहे काय? शेजाऱ्यावर आपले प्रेम नसते, म्हणून त्याच्याशी आपले डिसअफेक्शन आहे असे इंग्रज म्हणत नाही. प्रजेच्या, सैन्याच्या मनात सत्तेविषयी जी अढी आणि वैरभाव बसतो, त्याला तो हा शब्द लावतो. याच्याच शेजारी 'डिसअप्रोबेशन' हा दुसरा शब्द कायद्यात होता. त्याचा अर्थ नापसंती. मुलगा उनाडक्या करतो तेव्हा बापाला ते नापसंत असते, पण म्हणून त्याची माया आटत नाही. सरकारच्या कृत्याविषयी अशी नापसंती दाखविणे हा गुन्हा नव्हता.

नऊ जणांच्या जूरीत सहा युरोपीय होते. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, सरकारने कायदा दुरुस्त करून डिसअफेक्शनमध्ये बेइमानी व शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात, असे लिहून टाकले. एका शब्दाचा अर्थ ठरविण्यासाठी सरकारला कायदा करावा लागला! तो शब्द ज्यांना नीट कळत होता असे हिंदी वकील आणि न्यायाधीश त्या वेळी किती थोडे असतील, याची कल्पना करा.

ही उणीव तय्यबजींनी फार आधी ओळखली होती. १८७४ साली बंधू कमरुद्दीन व इतर मंडळींसह त्यांनी अंजुमन-इ-इस्लाम ही संस्था काढली, १८८० साली तिची शाळा सुरू झाली. मुलींनाही त्यांनी मागे ठेवले नाही. १९०४ साली दोन मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. १९०२ मध्ये त्यांनी हंगामी सरन्यायाधीशपद सांभाळले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, आणि दफन मुंबईत झाले.

जळगावहून गाडीने मुंबईस जाऊन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलात, तर समोरच अंजुमनची ती जुनी दगडी इमारत दिसते. आत आजही वर्ग भरतात.