मॉरिस रिशार : शिक्षा आणि खुर्ची

१७ मार्च १९५५ च्या रात्री कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात दंगल उसळली. मुख्य रस्त्यावरील दुकाने फुटली, सुमारे एक लाख डॉलरचे नुकसान झाले, कित्येकांना अटक झाली. कारण काय, तर एका आइस हॉकीपटूचे निलंबन! खेळाडूला शिक्षा झाली म्हणून शहर पेटावे, हे वरवर पाहता वेडेपणाचे वाटेल. पण माणसे एवढ्या-तेवढ्या कारणाने रस्त्यावर येत नसतात. राग आधीपासून साठलेला असतो, निमित्त तेवढे नंतर मिळते. म्हणूनच मॉरिस रिशारचे चरित्र खेळाच्या पानावर सोडून देण्यासारखे नाही.

रिशार मॉन्ट्रियलचाच. जन्म ४ ऑगस्ट १९२१ चा. वडील रेल्वेच्या कारखान्यात कामगार, घरात आठ भावंडे, त्यात हा थोरला. जागतिक मंदीत वडिलांची नोकरी गेली आणि काही वर्षे सरकारी मदतीवर चूल पेटली. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवर पोरगा स्केटिंग शिकला. हॉकीवर पोट भरेल याची खात्री नव्हती, म्हणून तांत्रिक शाळेत मशिनिस्टचे काम शिकून घेतले. हाडेही वारंवार मोडत. घोटा मोडला, मनगट मोडले. १९४२ मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या नामांकित संघात शिरकाव झाला, तर १६ सामन्यांतच पाय मोडला. युद्धाचे दिवस होते, तो सैन्यात जायला निघाला, पण याच मोडक्या हाडांमुळे सैन्याने त्याला नाकारले. काचेचा खेळाडू म्हणून लोक त्याला हिणवू लागले.

त्याच काचेच्या खेळाडूने १९४४-४५ च्या मोसमात ५० सामन्यांत ५० गोल केले. नॅशनल हॉकी लीगमध्ये असे त्यापूर्वी कोणीही केले नव्हते. आइस हॉकी म्हणजे लाकडी स्टिकने रबराची चकती मारण्याचा खेळ. अंगावर धडक देणे इथे नियमातच बसते. डावखुऱ्या स्टिकचा रिशार उजव्या बगलेवर खेळे. गोलच्या जवळ आला की अंगावर लटकलेल्या बचावपटूलाही सोबत ओढत नेई. २८ डिसेंबर १९४४ ला दिवसभर घर बदलण्यासाठी सामान वाहून तो दमला होता. त्याच रात्री डेट्रॉइटविरुद्ध त्याने पाच गोल केले आणि आणखी तीन गोलांना हातभार लावला. लोक त्याला रॉकेट म्हणू लागले, ते उगाच नव्हे.

आता त्या शहराची अवस्था पाहू. क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच भाषिक, पण बँका, कारखाने, मोठ्या कंपन्यांच्या वरच्या खुर्च्या इंग्रजी भाषिकांच्या. बहुसंख्य असूनही दुय्यम! पुढे १९६० च्या दशकात केंद्र सरकारने नेमलेल्या शाही आयोगाने १९६१ ची आकडेवारी तपासली. क्वेबेकमधील १४ वांशिक गटांत फ्रेंच पुरुषांचा क्रमांक उत्पन्नाच्या बाबतीत बारावा निघाला. स्वतःच्याच घरात खालून तिसरे. अशा समाजातील कामगाराचा मुलगा आठवड्यातून दोन वेळा सगळ्यांना हरवतो, हे दृश्य त्या लोकांसाठी केवळ करमणूक कसे असेल?

लीगचा अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल हा इंग्रजी भाषिक वकील. ऑक्सफर्डला शिकलेला, युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात काम केलेला. रिशार एका फ्रेंच साप्ताहिकात सदर लिहीत असे. सहकारी खेळाडू बर्नी जेफ्रियनच्या निलंबनावरून १९५४ च्या जानेवारीत त्याने त्यात कॅम्पबेलला हुकूमशहा म्हटले. परिणाम असा की, त्याला माफी मागावी लागली, एक हजार डॉलरचा जामीन ठेवावा लागला आणि सदर बंद करावे लागले. मार खाणे हा त्याच्या नोकरीचा भाग होता, लिहिणे नव्हता.

१३ मार्च १९५५ ला बोस्टनमध्ये हॅल लेको या खेळाडूची स्टिक रिशारच्या डोक्यावर बसली, रक्त आले. रिशारने त्याला स्टिकने झोडपले. आवरायला आलेल्या लाइन्समनलाही ठोसे मारले. तीन दिवसांनी कॅम्पबेलने निकाल दिला. उरलेला मोसम बाद आणि त्यानंतरच्या विजेतेपदाच्या सामन्यांतूनही बाद.

इथे स्पष्ट बोलले पाहिजे. पंचावर हात उगारणे हा गुन्हाच होता आणि रिशारचे हे पहिले प्रकरणही नव्हते. शिक्षा होणे योग्यच होते. पण फ्रेंच माणसाला त्या निकालात कायदा दिसला नाही, मालक दिसला. तक्रार करण्याची, टीका करण्याची वाट वर्षभरापूर्वी याच खुर्चीने बंद केली होती. ज्या खुर्चीवर आपला माणूस कधी बसणार नाही असे लोकांना वाटते, तिचा बरोबर निकालही त्यांना अपमान वाटतो. त्यात दुसऱ्याच दिवशी कॅम्पबेल सामना पाहायला स्वतः मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये आला. त्याच्यावर अंडी, टोमॅटो पडले, अश्रुधुराचे नळकांडे फुटले. सामना डेट्रॉइटला बहाल झाला आणि गर्दी रस्त्यावर आली.

दुसऱ्या दिवशी रिशारने रेडिओवरून फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषांत शांततेचे आवाहन केले. शिक्षा मान्य केली, पुढल्या वर्षी परत येऊन चषक जिंकू असे सांगितले. शहर निवळले. गुणांची शर्यत मात्र हातची गेली. सहकारी जेफ्रियन ७५ विरुद्ध ७४ असा एका गुणाने पुढे गेला आणि स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्या बिचाऱ्याची हुर्यो उडवली. अस्मितेचा हाही एक चेहरा असतो. मॉन्ट्रियलने १९५६ पासून १९६० पर्यंत सलग पाच वेळा स्टॅन्ले चषक जिंकला. त्यातील चार वेळा रिशार कर्णधार होता.

रिशारला क्रांतिकारक ठरवण्याची घाई कोणी करू नये. तो अबोल माणूस होता, आपण फक्त हॉकीपटू आहोत असेच त्याला वाटे. क्वेबेकचे मुख्यमंत्री द्यूप्लेसी यांना त्याने उघड पाठिंबा दिला होता. याच द्यूप्लेसींच्या पोलिसांनी १९४९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस खाणीतील फ्रेंच कामगारांचा संप दडपला होता. आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याच काळात, त्याच क्वेबेकच्या दुय्यम लीगमध्ये हर्ब कार्नेगी नावाचा अव्वल काळा खेळाडू खेळत होता. नॅशनल हॉकी लीगचे दार त्याला अखेरपर्यंत उघडले नाही. त्याच्यासाठी कोणी काच फोडली नाही. हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव आले ते २०२२ मध्ये, मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

१९६० मध्ये रिशार निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ५४४ गोल होते, तोवरचा विक्रम. क्लबने त्याला पद दिले, पण अधिकार दिला नाही. नुसते मिरवण्याचे पद त्याला सोसेना, १९६५ मध्ये तो बाहेर पडला. नंतर इंधन तेल विक, मासेमारीचा दोरा विक, जाहिराती कर, असे त्याने दिवस काढले. सर्वाधिक गोल करणाऱ्यासाठी लीगने त्याच्या नावाने चषक सुरू केला तो १९९९ मध्ये. २७ मे २००० रोजी कर्करोगाने तो गेला. अंत्यदर्शनाला एक लाखाहून अधिक लोक रांगेत उभे राहिले आणि प्रांत सरकारने शासकीय इतमामात अंत्यविधी केला. एखाद्या खेळाडूला असा निरोप देण्याची क्वेबेकची ती पहिलीच वेळ होती.