झाशीच्या गच्चीवरील छत्री आणि विक्रम साराभाई

झाशीतील एखाद्या घराच्या गच्चीवर दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची छत्री बसवायची असेल, तर कारागीर प्रथम दक्षिण दिशा निश्चित करतो आणि छत्रीचे तोंड तेथून पूर्वेकडे सुमारे ३२ अंश वळवतो. उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. झाशीहून पाहता तो क्षितिजापासून सुमारे ५६ अंश वर येतो. छत्री मात्र तेवढी वर पाहत आहे असे वाटत नाही, कारण या लहान छत्र्यांची घडण तिरकी असते आणि लहरी टिपणारा एलएनबी मध्यभागी न बसता खालून पुढे आलेल्या दांड्यावर असतो. नट थोडे सैल ठेवून छत्री बोटभर सरकवायची, खाली खोलीत बसलेल्या माणसाला पडद्यावरील पट्टी वाढली का ते विचारायचे आणि पट्टी भरली की पान्याने नट आवळायचे, असा हा क्रम असतो. मुंबईत हेच काम करताना छत्री पूर्वेकडे अधिक, म्हणजे दक्षिणेपासून सुमारे ४९ अंश वळवावी लागते.

नेवाळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबांची वस्ती असलेल्या या गावात त्याच छत्रीवर सह्याद्री वाहिनीही दिसते, तीही मासिक शुल्काशिवाय. मुंबईतील घर, झाशीतील घर आणि बुंदेलखंडातील टेकडीआडची वाडी यांत उपग्रहाच्या दृष्टीने फारसा भेद नाही. एकाला जे दिसते तेच दुसऱ्याला, त्याच क्षणी दिसते. आज ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु ज्या काळात संपूर्ण भारतात केवळ दिल्ली येथे दूरचित्रवाणी केंद्र होते, त्या काळात एका शास्त्रज्ञाने हा विचार शासनासमोर आग्रहाने मांडला होता. ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. विक्रम अंबालाल साराभाई.

साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे झाला. वडील अंबालाल हे कॅलिको गिरणीचे मालक होते. आई सरलादेवी यांनी मुलांना शाळेत न पाठवता घरीच शाळा उघडली. शाहीबागेतील त्या वाड्यात महात्मा गांधी, रवींद्रनाथ टागोर यांच्यासारखी माणसे येत असत. याच घरातील एक विरोधाभास सांगण्यासारखा आहे. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी जो संप केला, त्यात मालकांच्या बाजूला अंबालाल होते आणि कामगारांच्या बाजूला त्यांच्या भगिनी अनसूयाबेन. संपत्ती आणि तिच्याविषयीची टोचणी या दोन्हींचा वारसा विक्रम यांना लाभला, असे म्हणता येईल.

केंब्रिज येथील सेंट जॉन्स महाविद्यालयातून १९४० मध्ये निसर्गविज्ञानातील ट्रायपॉस परीक्षा उत्तीर्ण होऊन ते, महायुद्ध सुरू असल्यामुळे, भारतात परतले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन सुरू केले. त्याच काळात डॉ. होमी भाभा हेही तेथे होते. १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युद्धानंतर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ मध्ये पीएच.डी. मिळवून परतले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबर रोजी अहमदाबादमध्ये भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. तिचे पहिले संचालक डॉ. के. आर. रामनाथन हे हवामानशास्त्रज्ञ होते. साराभाई तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते.

यानंतरच्या पंधरा वर्षांत त्यांनी उभारलेल्या संस्थांची यादी मोठी आहे. वस्त्रोद्योगासाठी अटिरा ही संशोधन संस्था, मृणालिनी यांच्यासह दर्पण ही कलासंस्था, १९६१ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था. या प्रत्येकीविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. येथे एवढेच नोंदवणे पुरे की, कोणतेही तंत्र परदेशातून जसेच्या तसे उचलण्यापेक्षा ते वापरणारी माणसे आधी तयार करण्याकडे त्यांचा कल होता. दूरचित्रवाणीच्या बाबतीतही पुढे हेच दिसले.

१९६२ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय राष्ट्रीय अंतराळ संशोधन समिती नेमण्यात आली. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळच्या किनाऱ्यावरून जात असल्याने अग्निबाणांसाठी तिरुवनंतपुरमजवळील थुंबा या मच्छीमारांच्या गावाची निवड झाली. स्थानिक ख्रिस्ती समाजाने आपले चर्च आणि जमीन त्यासाठी दिली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण झेपावला. तो अमेरिकेकडून मिळालेला होता. गरीब देशाला हा खेळ परवडणार कसा, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो अवाजवी नव्हता. अन्नधान्य आयात करावे लागत होते. साराभाई यांचा युक्तिवाद असा होता की, चंद्रावर माणूस पाठवण्याच्या स्पर्धेत भारताने उतरू नये. मात्र अंतराळ तंत्राचा जो भाग शेती, शिक्षण, हवामान आणि दळणवळण यांच्या उपयोगी पडतो, त्यात मागे राहणे भारतालाच सर्वात महाग पडेल.

दूरचित्रवाणी हा या युक्तिवादाचा गाभा ठरला. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात डॉ. भाभा यांचे निधन झाले आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद साराभाई यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली केंद्रावरून 'कृषिदर्शन' सुरू झाले. अणुऊर्जा विभागाच्या पुढाकाराने दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवण्यात आले. शेतकरी हा कार्यक्रम पाहतील का, पाहून त्याचा उपयोग करतील का, हे प्रथम लहान प्रमाणावर तपासायचे होते. अणुऊर्जा विभागाने शेतकऱ्यांसाठी दूरचित्रवाणी संच पुरवावेत ही घटना आज विचित्र वाटते, परंतु साराभाई यांच्या कामाची ती रीतच होती.

यापुढचा प्रश्न देशव्यापी होता. जगभर दूरचित्रवाणी ज्या मार्गाने पसरली, तो मार्ग शहरातून शहराकडे जाणारा होता. आधी राजधानीत केंद्र, मग मोठ्या नगरांत, मग मनोऱ्यांची साखळी उभारून लहान गावांत. प्रक्षेपकाच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे छाया पडते. झाशीच्या परिसरातील ग्रॅनाइटच्या टेकड्या पाहिल्या म्हणजे या पद्धतीने बुंदेलखंडातील खेड्यापाड्यांची पाळी कधी आली असती, याची कल्पना येते. साराभाई यांनी हा क्रम उलटवण्याचे ठरवले. भूस्थिर उपग्रहावरून कार्यक्रम प्रक्षेपित करावा, दूरच्या खेड्यांनी तो थेट छत्रीद्वारे घ्यावा आणि दाट वस्तीच्या शहरांत प्रक्षेपकांनी तो पुढे पसरवावा, अशी संमिश्र योजना त्यांनी मांडली. निरनिराळ्या पर्यायांच्या खर्चाचा अभ्यास करून हीच योजना संपूर्ण देशासाठी सर्वांत काटकसरीची ठरेल, असा निष्कर्ष त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला होता. ज्याला सर्वांत शेवटी मिळते, त्याला प्रथम देण्याची ही योजना होती.

१५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजेच इस्रो, अस्तित्वात आली. त्यानंतर एका महिन्याने, १८ सप्टेंबर १९६९ रोजी, अमेरिकेच्या नासाशी करार झाला. नासाच्या उपग्रहाचा उपयोग एक वर्षभर भारतीय खेड्यांसाठी करायचा. उपग्रह त्यांचा, परंतु जमिनीवरील सर्व साहित्य, कार्यक्रम आणि देखभाल भारताची, असे या कराराचे स्वरूप होते. याच सुमारास महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ आर्वी येथे सुमारे ३० मीटर व्यासाची प्रचंड तबकडी उभी राहत होती. परदेशांशी उपग्रहाद्वारे दूरध्वनी जोडणारे हे भूकेंद्र १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. त्याची उभारणी भारतीय अभियंत्यांवर सोपवावी, हा साराभाई यांचाच आग्रह होता. त्या केंद्राला विक्रम हे नाव मिळाले.

त्या वर्षाच्या अखेरीस ते थुंबा येथील कामाच्या पाहणीसाठी केरळला गेले होते. मुंबई, अहमदाबाद आणि तिरुवनंतपुरम यांच्या दरम्यान त्यांचा सतत प्रवास चालू असे. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवलम येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ५२ वर्षे. मुंबई दूरदर्शन केंद्र त्यानंतर नऊ महिन्यांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ज्यांनी देशातील लक्षावधी खेड्यांच्या दूरचित्रवाणीची आखणी केली, त्यांच्या हयातीत मुंबईकरांच्या घरीही दूरचित्रवाणी आलेली नव्हती.

त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र करार तडीस नेला. कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस, पुण्याचे प्रमोद काळे आणि अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक प्रा. यशपाल यांची नावे या कामात प्रामुख्याने येतात. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साइट' नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणी शैक्षणिक प्रयोग पार पडला. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत संच बसवले गेले. मराठी वाचकांना परिचित असलेले विजापूर व गुलबर्गा हे सीमेवरील जिल्हे त्यात होते. महाराष्ट्र नव्हता, उत्तर प्रदेश नसल्यामुळे झाशीही नव्हती.

त्या छत्र्या आजच्यासारख्या नव्हत्या. सुमारे तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या, खेड्यात नेऊन जागेवर जोडता येतील अशा. उपग्रह ३५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आफ्रिकेच्या वर असल्याने त्यांची तोंडे आग्नेयेला नव्हे, तर पश्चिम-नैऋत्येला होती. संच शाळेत किंवा पंचायतीत ठेवलेला असे. वीज नसेल तेथे बॅटरीवर चाले. सकाळी मुलांसाठी दीड तास, संध्याकाळी सर्वांसाठी अडीच तास. आरंभी उसळलेली गर्दी पुढे ओसरली, हेही नमूद केले पाहिजे. छत्तीसगडी किंवा मैथिली बोलणाऱ्या श्रोत्यांना प्रमाण हिंदीतील कार्यक्रम कितपत आपले वाटले, हा प्रश्नही उरला. तरीही रस्ता नसलेल्या गावात वर्षभर संच चालू ठेवता येतो, एवढे सिद्ध झाले.

याच प्रयोगात एक छत्री घरगुतीही होती. भूस्थिर उपग्रहांची कल्पना १९४५ मध्ये मांडणारे लेखक आर्थर क्लार्क कोलंबोत राहत असत. इस्रोच्या अभियंत्यांनी त्यांच्या घरी जाऊन तेथे उपग्रहाचे कार्यक्रम दिसतील अशी व्यवस्था करून दिली. घरी बसवलेल्या उपग्रह दूरचित्रवाणीचे ते जगातील अगदी आरंभीचे उदाहरण होय.

ठरलेले वर्ष संपताच नासाने उपग्रह परत नेला आणि पडदे काळे झाले. काही भागांत नंतर जमिनीवरील प्रक्षेपक उभारून सेवा पुढे चालवली गेली, परंतु सर्वच गावांना ती मिळाली नाही. भारताचा इन्सॅट-१ए १९८२ मध्ये काही महिन्यांतच निकामी झाला. १९८३ मध्ये गेलेला इन्सॅट-१बी टिकला. मात्र तोपर्यंत शासनाची दिशा बदलली होती. आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, १९८४ पासून लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले आणि उपग्रहाचा उपयोग मुख्यत्वे दिल्लीचा कार्यक्रम शहरोशहरी पोहोचवण्यासाठी होऊ लागला. संमिश्र योजनेतील शहरांचा भाग स्वीकारला गेला, खेड्यांचा मागे पडला.

घरोघरी थेट छत्री येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. शासनाने २००० मध्ये परवानगीचे नियम केले, २००३ मध्ये खासगी सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा आली. ती आरंभी 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने आणि पुढे 'डीडी फ्री डिश' या नावाने ओळखली जाऊ लागली. उपग्रह अधिक शक्तिशाली झाले, लहरींची वारंवारता वाढली आणि तीन मीटरची जाळी आक्रसून दोन हातांत मावेल अशी पत्र्याची तबकडी झाली. या उच्च वारंवारतेचा एक तोटा झाशीकरांना पावसाळ्यात जाणवतो. मुसळधार सर आली की चित्र गोठते, आणि सर ओसरली की ते पूर्ववत होते.

साराभाई यांच्या आराखड्यातील छत्री गावाची होती. तिच्यासमोर शेतकरी, शिक्षक आणि मुले एकत्र बसणार होती. झाशीतील गच्चीवरची छत्री एका घराची आहे, आणि शेजारच्या गच्चीवर दुसरी आहे. दोन्हींची तोंडे एकाच दिशेला, दक्षिणेपासून पूर्वेकडे ३२ अंशांवर वळलेली असतात.