बोटावरची एवढीशी जखम

मार्च १८४७. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या सुरीचे टोक प्रा. याकोब कोलेच्का यांच्या बोटाला लागले. जखम एवढीशी, पण तिचे विष अंगात भिनले आणि काही दिवसांतच ते दगावले. त्यांचे मित्र डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी कोलेच्कांच्या शवविच्छेदनाची नोंद वाचली आणि ते हादरले. सूतिकाज्वराने मेलेल्या बाळंतिणींच्या शरीरात जे दिसे, तेच इथे होते.

सेमेलवाइस यांचा जन्म १८१८चा, हंगेरीतल्या बुडा शहरातला. व्हिएन्नाला ते प्रसूती विभागात सहायक होते. तिथल्या दोन कक्षांपैकी विद्यार्थ्यांच्या कक्षात दहातली एक बाळंतीण मरे. सुइणींच्या कक्षात प्रमाण निम्म्याहून कमी. कोलेच्का गेले आणि कोडे सुटले. विद्यार्थी शवागारातून थेट बाळंतिणीकडे येत. सुइणी शवविच्छेदन करत नसत.

मे महिन्यापासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले मृत्यू जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. पण जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता आणि आपल्याच हातांनी रुग्ण मरतात, हे कबूल करणे वरिष्ठांना जड गेले. सेमेलवाइसही तापट, विरोधकांना त्यांनी खुनी ठरवले. (आकडे बोलत असताना त्यांनी थोडा धीर धरायला हवा होता, असे मला नेहमी वाटते.) १८६५ साली त्यांना व्हिएन्नातल्या मनोरुग्णालयात ठेवले. तिथे हाताची जखम चिघळून रक्तात जंतुदोष पसरला आणि १३ ऑगस्टला, ४७व्या वर्षी, ते गेले. आदल्याच दिवशी ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली होती.

आमच्या ओपीडीत आजही विळीने कापलेले बोट हळद नाहीतर चहापूड भरून येते. ती काढण्यातच वेळ जातो. बोटांच्या कंडरांभोवती आवरणे असतात. त्यांतून पू पाहता पाहता तळहातात उतरतो. म्हणून आधी स्वतःचे हात धुवा, मग जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पाचेक मिनिटे धुवा. सूज येण्याआधी अंगठी काढा, स्वच्छ पट्टी बांधा, धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा. बोट ठणकू लागले, वाकेना, ताप आला किंवा हातावर लाल रेघ वर चढताना दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर या खुणांचीही वाट पाहू नका.