चार टीम, पाच जगज्जेतेपदं आणि एक गाव

धानाची कापणी आटोपली की आपल्याकडे पट भरायला लागतात. दिवसा शंकरपट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. कधी पटावर गेला असाल तर एक वाद तुम्ही हमखास ऐकला असेल. जोडी सुसाट सुटते, सेकंदाच्या फरकानं नंबर लागतो आणि मग मागं उभे असलेले पोट्टे भांडत बसतात : जिंकलं कोण, बैल की धुरकरी? एक म्हणतो, अशी जोडी असेल तर कोणीही जिंकेल. दुसरा म्हणतो, धुरकरी कच्चा असेल तर लाखाच्या जोडीचाही काही उपयोग नाही.

फॉर्म्युला वनमध्ये हाच वाद १९५० पासून चालू आहे. बैलांच्या जागी इंजिन आलं, एवढाच फरक. लुईस हॅमिल्टन बारा सीझन मर्सिडीजमध्ये काढून २०२५ मध्ये फेरारीत गेला, तेव्हा तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा झालीच असेल. चाळिशीत कोणी टीम बदलतं का? पण चाळिशीत ज्याला पहिलं जगज्जेतेपद मिळालं आणि ज्यानं चार वेगवेगळ्या टीमसोबत मिळून पाच जगज्जेतेपदं जिंकली, असा एक माणूस होऊन गेलाय. पाचचा विक्रम पुढं शूमाकरनं मोडला. चार टीमचा मात्र आजवर कोणालाच मोडता आलेला नाही. त्याचं नाव हुआन मॅन्युएल फँजिओ.

गॅरेजमधला फेंगड्या

फँजिओचा जन्म २४ जून १९११ चा, अर्जेंटिनातल्या बाल्कार्से या गावचा. बटाट्याच्या शेतीसाठी ओळखलं जाणारं गाव. आई-वडील इटलीतून पोट भरायला आलेले, वडील गवंडीकाम करायचे. पोराची शाळा लवकर सुटली आणि तेराव्या वर्षाच्या आसपास तो गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागला. फुटबॉल भारी खेळायचा. पाय जरा बाहेर वाकलेले, म्हणून मित्रांनी नाव पाडलं ‘चुएको’, म्हणजे आपल्या भाषेत फेंगड्या. ते नाव त्याला जन्मभर चिकटलं.

तुम्ही आयटीआयला असाल किंवा गडेगावच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स बनताना पाहिले असतील, तर पुढचं तुम्हाला लगेच कळेल. गाडी आतून कशी चालते हे ज्याला हातानं माहीत असतं, तो ती वेगळीच चालवतो. फँजिओ आधी मेकॅनिक होता, ड्रायव्हर नंतर झाला. गिअर कुठं कुरकुरतोय, टायर कधी दगा देणार, हे त्याला आवाजावरून आणि सीटच्या हादऱ्यावरून कळायचं. पुढं मोठमोठ्या टीम त्याला घ्यायला धडपडल्या, त्यामागं हे एक मोठं कारण होतं.

मित्रांसोबत त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं. १९३६ मध्ये पहिल्यांदा शर्यतीत उतरला तो एका फोर्ड टॅक्सीतून, तेही खोटं नाव लावून. नंतर चांगली गाडी हवी होती आणि खिशात पैसे नव्हते. तेव्हा बाल्कार्सेच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला शेवरोले घेऊन दिली. १९४० मध्ये त्याच कंपनीच्या गाडीवर त्यानं ब्युनोस आयर्स ते पेरूची राजधानी लिमा आणि परत, अशी सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरची शर्यत जिंकली. रस्ते कच्चे, मध्ये अँडीजचे डोंगर, गाडी बिघडली तर दुरुस्ती स्वतःच करायची. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी तो अर्जेंटिनाचा चॅम्पियन झाला.

मग महायुद्धामुळं शर्यती थांबल्या आणि उमेदीची वर्षं तशीच गेली. १९४८ मध्ये तर त्याहून वाईट झालं. लांब पल्ल्याच्या एका शर्यतीत पेरूमध्ये त्याची गाडी दरीत कोसळली आणि शेजारी बसलेला सहचालक, त्याचा मित्र दानिएल उरुतिया गेला. फँजिओ तेव्हा सदतीस वर्षांचा होता. या वयात बहुतेक लोक हेल्मेट खुंटीला टांगतात. याला मात्र पुढच्या वर्षी ऑटोमोबाइल क्लब आणि सरकारच्या मदतीनं युरोपात पाठवलं गेलं. तिथं एकामागून एक शर्यती जिंकून हा मोकळा.

टीम सोडली की टीम सुटली?

१९५० मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि अल्फा रोमिओनं फँजिओला घेतलं. टीममध्ये तीन ‘फ’ : फरीना, फँजिओ, फॅजिओली. फँजिओनं तीन शर्यती जिंकल्या, पण गाडी मध्येच बंद पडण्याचा फटकाही बसला आणि जगज्जेतेपद तीन गुणांनी फरीनाकडे गेलं. पुढच्या वर्षी स्पेनमधल्या शेवटच्या शर्यतीत फेरारीचं टायरचं गणित चुकलं, फँजिओचं बरोबर आलं. चाळिसाव्या वर्षी पहिलं जगज्जेतेपद! आणि लगेच अल्फानं रेसिंगमधून माघार घेतली. नवी गाडी बनवायला पैसा नव्हता. म्हणजे जगज्जेता झाला आणि जॉब गेला.

१९५२ मध्ये मासेराटीकडून तो इटलीतल्या मोंझाला उतरणार होता. आदल्या दिवशी उत्तर आयर्लंडमध्ये दुसरी शर्यत होती. तिथून निघाला, पण पुढचं विमान मिळालं नाही, म्हणून फ्रान्समधून रात्रभर गाडी चालवत शर्यत सुरू होण्याच्या जेमतेम आधी मोंझाला पोहोचला. झोप नाही, आराम नाही, तसाच गाडीत बसला. दुसऱ्याच फेरीत गाडी उलटली, मानेचं हाड मोडलं, सीझन संपला. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून सकाळी पेपरला धावणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. पाच वेळा जगज्जेता झालेल्या माणसालाही ते जमलं नाही.

१९५३ मध्ये तो मासेराटीतच परतला आणि दुसरा आला. मग आलं १९५४, ज्यावरून त्याला नावं ठेवणारे आजही नावं ठेवतात. मर्सिडीजशी बोलणं झालेलं, पण त्यांची गाडी तयार नव्हती. म्हणून सीझनच्या सुरुवातीला फँजिओ मासेराटीवरच धावला, अर्जेंटिना आणि बेल्जियमची शर्यत जिंकला आणि जुलैत फ्रान्समध्ये थेट मर्सिडीजच्या चंदेरी गाडीत जाऊन बसला. पहिल्याच शर्यतीत पहिला नंबर. वर्षाअखेर जगज्जेता, दोन टीमचे गुण मिळून. मासेराटीच्या गॅरेजमध्ये रात्र रात्र जागून काम केलेल्या पोरांना काय वाटलं असेल? मला वाटतं, हा प्रश्न विचारायलाच हवा. आधीपासून ठरलेलं होतं म्हणून गोष्ट बरोबर ठरते, पण म्हणून ती सोपी होत नाही.

मर्सिडीजसोबत १९५५ चंही जगज्जेतेपद आलं, पण त्या वर्षाची आठवण वेगळ्याच गोष्टीनं राहिली. ११ जूनला फ्रान्समध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत मर्सिडीजचीच एक गाडी उडून गर्दीत घुसली. ऐंशीहून जास्त माणसं मेली, त्यात ड्रायव्हर लवेघही. फँजिओ त्याच्या अगदी मागं होता आणि धूर-तुकड्यांमधून कसाबसा वाचून निघाला. मर्सिडीजनं त्या रात्री आपल्या बाकीच्या गाड्या काढून घेतल्या आणि वर्षाअखेर रेसिंगच सोडलं. फॉर्म्युला वनमध्ये त्यांची स्वतःची टीम परत आली ती थेट २०१० मध्ये. फँजिओ पुन्हा टीमविना.

१९५६ मध्ये तो फेरारीत गेला आणि तिथं काही रमला नाही. एन्झो फेरारी कोणालाच नंबर एकचा ड्रायव्हर म्हणायला तयार नसायचे. आपल्या गाडीकडे नीट लक्ष दिलं जात नाही, असं फँजिओला वाटू लागलं. त्यानं काय केलं? फक्त आपल्या गाडीसाठी एक ठरावीक मेकॅनिक मागून घेतला. जुना गॅरेजवाला जागा झाला म्हणा. शेवटची शर्यत मोंझाला. फँजिओची गाडी बिघडली, टीमचा दुसरा ड्रायव्हर मुस्सो आपली गाडी द्यायला तयार नव्हता. तेवढ्यात चोवीस वर्षांचा पीटर कॉलिन्स पिटमध्ये आला आणि स्वतःहून गाडीतून उतरला. कॉलिन्सलाही त्या दिवशी जगज्जेता व्हायची संधी होती. तेव्हाच्या नियमात गाडी बदलता यायची. फँजिओ त्या गाडीत बसला, दुसरा आला आणि चौथ्यांदा जगज्जेता झाला. कॉलिन्सला वाटलं असेल, आपल्यापुढं अजून खूप वर्षं आहेत. दोनच वर्षांनी तो जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर गेला. ते जगज्जेतेपद त्याला कधीच मिळालं नाही.

नुर्बुर्गरिंग, ४ ऑगस्ट १९५७

फेरारी सोडून फँजिओ पुन्हा मासेराटीत आला. हो, तीच मासेराटी, जिला १९५४ मध्ये अर्ध्या सीझनला सोडून गेला होता. त्यांनी त्याला परत घेतलं, यातच बरंच काही आलं.

जर्मनीच्या शर्यतीत त्यानं टाकी अर्धीच भरली. गाडी हलकी, म्हणून आधी पुढं जायचं आणि मग थांबून पेट्रोल-टायर घ्यायचे, असा प्लॅन. पुढं गेलाही. पण पिटमध्ये वेळ गेला आणि बाहेर आला तेव्हा फेरारीचे हॉथॉर्न आणि कॉलिन्स पाऊण मिनिटाहून जास्त पुढं होते. जवळपास तेवीस किलोमीटरची एक फेरी, डोंगर, जंगल, शंभरावर वळणं. फँजिओ शेचाळीस वर्षांचा, समोरची पोरं पंचविशी-अठ्ठाविशीची. त्यानं फेरीमागून फेरी विक्रम मोडत दोघांना गाठलं आणि शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही मागं टाकलं. ही त्याची चोविसावी आणि शेवटची जीत. याच शर्यतीत पाचवं जगज्जेतेपद पक्कं झालं. बैल की धुरकरी, या प्रश्नाचं उत्तर एका दिवसापुरतं तरी मिळालं होतं.

त्याच वर्षाअखेर पैशाअभावी मासेराटीनंही टीम बंद केली. आता हिशोब मांडा. पाच वेळा टीम बदलायची वेळ आली, त्यात तीन वेळा टीमच बंद पडली : अल्फा, मर्सिडीज, मासेराटी. स्वतःच्या मर्जीनं तो दोनदाच निघाला. ‘एका जागी टिकत नाही’ असं ज्याला सहज म्हणता आलं असतं, त्याच्या बाबतीत बहुतेक वेळा जागाच टिकली नाही.

१९५८ मध्ये क्युबात क्रांतिकारकांनी त्याचं अपहरण केलं, शर्यत हुकवायला लावली आणि नंतर धक्काही न लावता सोडून दिलं. त्याच वर्षी फ्रान्सच्या शर्यतीत तो चौथा आला. सर्वांत पुढं असलेल्या हॉथॉर्नला त्याला एक फेरी मागं टाकता आली असती, पण आदरापोटी त्यानं ते केलं नाही. फँजिओ गाडीतून उतरला आणि रेसिंग संपलं.

तो गेला कुठं? अर्जेंटिनाला, आपल्या घरी. ज्या मर्सिडीजनं १९५५ मध्ये टीम बंद केली, तिचाच तिथं डीलर झाला आणि पुढं मर्सिडीजच्या अर्जेंटिनातल्या कंपनीचा अध्यक्षही. १९८६ मध्ये बाल्कार्सेत त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं. १७ जुलै १९९५ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी तो गेला आणि त्याला बाल्कार्सेतच पुरलं. ज्यांनी वर्गणी काढली होती, त्यांच्या गावात.

तुमच्यापैकी कित्येक जण येत्या जूनमध्ये नागपूर, पुणे, हैदराबादला निघाल. दोन वर्षांत दोन कंपन्या बदलाल, कदाचित कंपनीच तुम्हाला बदलेल. माझ्या चुलत बहिणीनं तिसरी नोकरी धरली तेव्हा घरी जेवताना कोणीच तिच्याशी नीट बोललं नाही. तिची आधीची कंपनी बंद पडली होती, हे कोणी विचारलंच नाही. फँजिओची गोष्ट मी पहिल्यांदा तिला सांगितली. ती ऐकून म्हणाली की, मासेराटीनं त्याला परत घेतलं, हा भाग तिला सर्वांत जास्त आवडला. मलाही तोच आवडतो. सोडून जाताना आपण मागं दार कसं लावतो, हे त्यातच कळतं.