ब्रिजचे नियम घडविणारे हॅरोल्ड व्हँडरबिल्ट

कॅनडात टोरोंटोच्या उत्तरेला रिचमंड हिल हे शहर आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना हिवाळ्यातल्या लांबच लांब रात्री घरातच काढाव्या लागतात. अशा वेळी पत्त्यांचा जोड बाहेर निघतो. इकडे आपल्याही घरी सणासुदीला चार भिडू जमतातच. पण खेळाचे नियम कोणी बसविले, हे आपण क्वचितच विचारतो. ब्रिजच्या बाबतीत त्याचे उत्तर देता येते. म्हणून आज आम्ही हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांची ओळख करून देत आहोत.

अमेरिकेतील रेल्वेवाल्या धनाढ्य घराण्यात ६ जुलै १८८४ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांना शिडाच्या नौका आणि पत्ते या दोहोंचा नाद. नौकांच्या शर्यतीत १९३०, १९३४ व १९३७ साली त्यांनी अमेरिका कप आपल्या देशाकडे राखला. पुढे त्या शर्यतींचे नियमही त्यांनी नव्याने मांडले.

त्या काळी ऑक्शन ब्रिज खेळत. त्यात आठ हातांची बोली करून अकरा केले, तरी वरचे तीनही हात डाव जिंकण्याच्या हिशेबात येत. मग धाडसाने बोलायचे कशाला? फ्रान्समधील प्लाफों या खेळात मात्र बोललेलेच हात धरत.

१९२५ च्या ऑक्टोबरात व्हँडरबिल्ट तीन मित्रांसह फिनलंड नावाच्या बोटीवर होते. बोट लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यातून हवानाला चालली होती. त्या प्रवासात त्यांनी गुणांचा नवा तक्ता बसविला. डावासाठी बोललेलेच हात मोजायचे. बारा किंवा तेरा हात बोलून केले, तर मोठे इनाम. एक डाव जिंकलेल्या बाजूला इनाम अधिक, तसाच चुकल्यास दंडही अधिक. अशा बाजूसाठी बोटीवरील एका तरुणीने व्हल्नरेबल हा शब्द सुचविला. शब्द जगभर गेला. तिचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

व्हँडरबिल्ट यांनी गाजावाजा केला नाही. तक्त्याच्या टंकलिखित प्रती मित्रांना दिल्या, एवढेच. काही वर्षांतच जुना खेळ मागे पडला. १९२८ साली त्यांनी स्पर्धेसाठी चषक दिला आणि १९३२ व १९४० साली तो स्वतःही जिंकला. ४ जुलै १९७० रोजी ते वारले.

नशिबाने हाती आलेले आपल्या कर्तबगारीत जमा करण्याची सोय त्यांनी बंद केली. आधी बोला, मग करून दाखवा, हा त्यांचा नियम आम्हाला मोलाचा वाटतो. पुढच्या खेपेला मुलांना घेऊन पत्त्यांना बसाल, तेव्हा त्यांना हे जरूर सांगा.