विश्लेषण : एका थपडेने नायिकेची ‘खाष्ट सासू’ झाली? ललिता पवार यांची कहाणी काय?

दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेतील मंथरा म्हटले, की बारीक झालेला डावा डोळा आठवतो. अनेकांना तो अभिनयाचा भाग वाटतो. प्रत्यक्षात ती चित्रीकरणात झालेली इजा होती. या इजेनेच ललिता पवार यांना मोठे केले, असेही सांगितले जाते. ते मात्र अर्धेच खरे आहे.

सुरुवात कशी झाली?

ललिताबाईंचा जन्म 1916 मध्ये नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. माहेरचे नाव अंबा सगुण. मूकपटांच्या काळात, शाळकरी वयातच त्या कॅमेऱ्यासमोर आल्या. पुढे नायिका झाल्या आणि बोलपट आल्यावर स्वतःची गाणीही गायल्या. ‘कैलाश’ (1932) या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता. टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ कादंबरीवर आधारित ‘दुनिया क्या है’ची निर्मितीही त्यांनी केली. म्हणजे अपघातापूर्वीच त्यांच्या गाठीशी दहा-बारा वर्षांचे काम होते.

नेमके काय घडले?

साल 1942, चित्रपट ‘जंग-ए-आझादी’. प्रसंगात भगवानदादांनी त्यांना थप्पड मारायची होती. हेच पुढे ‘अलबेला’ (1951) गाजवणारे भगवानदादा. जन्म अमरावतीचा, म्हणजे आपल्या वर्धा-पिपरी मेघेच्या शेजारच्याच जिल्ह्यातला. थप्पड खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. दीर्घ उपचारानंतरही डोळा पूर्ववत झाला नाही. नायिकेचा चेहरा म्हणजेच तिचे भांडवल मानण्याचा तो काळ. पंचविशीतच नायिकेच्या भूमिकांचा रस्ता बंद झाला.

मग पुढे काय केले?

त्यांनी चरित्र भूमिका स्वीकारल्या. ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’ (1944) मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून मराठी घराघरात ठाऊक असलेली ही व्यक्तिरेखा. व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’ने (1950) त्यांची सासू घट्ट रुजवली. पण बारीक डोळा कोणाकडेही असू शकतो. आवाजातली धार, शब्दांवरचा नेमका जोर आणि थांबण्याची वेळ ही मूकपटापासूनच्या मेहनतीची कमाई होती.

फक्त खलनायिकाच साकारल्या?

नाही. ‘श्री 420’ (1955) मधील केळी विकणारी गंगामाई वरून फणस, आतून गरे. ‘जंगली’ (1961) मध्ये घरात हसण्यावर बंदी घालणारी कडक आई, तर ‘प्रोफेसर’ (1962) मध्ये म्हातारा बनून आलेल्या शम्मी कपूरवर भाळणारी करारी बाई. दोन्हींत त्यांनी आपल्याच कडक प्रतिमेची गंमत केली.

‘अनाडी’ (1959) मधील मिसेस डिसा ही घरमालकीण तर सर्वांहून वेगळी. भाडेकरू राज कपूरवर सतत करवादणारी, पण त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करणारी. साहाय्यक अभिनेत्रीचा ‘फिल्मफेअर’ पुरस्कार त्यांना मिळाला तो याच मायाळू भूमिकेसाठी, खलनायिकेसाठी नव्हे. दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जींनी ‘आनंद’ (1971) मध्ये त्यांना मेट्रन केले, तेव्हा आडनाव पुन्हा डिसाच ठेवले. 1961 मध्ये संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

शेवट कसा झाला?

सत्तरीत साकारलेल्या मंथरेने (1987) नव्या पिढीला त्यांची ओळख दिली. सुमारे सात दशकांच्या कारकिर्दीनंतर फेब्रुवारी 1998 मध्ये पुण्यात औंधमधील घरी त्यांचे निधन झाले. त्या वेळी घरात त्यांच्यासोबत कोणी नव्हते. त्या गेल्याचे इतरांना कळले, तेही उशिराच.

‘अनाडी’ पुन्हा पाहाल, तेव्हा मिसेस डिसांचा डावा डोळा जरूर बघा. तो तोच आहे, मंथरेचा. तिथे मात्र त्यात फक्त माया दिसते.